दोन डझन आणि सात सुट्या वायरी

कपाटाचं दार उघडलं तेव्हा आत एकही वायर लावलेली नव्हती. कपाट जागेवर होतं, कपाटातलं यंत्र जागेवर होतं, यंत्रावरचे अठ्ठेचाळीस दिवे विझलेले होते, आणि खालच्या फळीवर एका इस्त्रीच्या टॉवेलावर सगळ्या वायरी घडी घालून ठेवल्या होत्या. बाराबारांचे दोन गठ्ठे आणि सातांचा एक सुटा. लांबीप्रमाणे लावलेले. प्रत्येक गठ्ठ्याला सुती दोऱ्याची गाठ. वायरी ओल्या फडक्याने पुसलेल्याही होत्या. इतक्या स्वच्छ वायरी मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या (तशा आयुष्यात वायरीच फार पाहिल्या नव्हत्या, ते पुढे येईलच).

भावजी, नमस्कार राहिला. तो इथे घ्या आणि त्यातला अर्धा ताईला द्या. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तुम्ही दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलं होतं, तेव्हा एकदा नक्की ठरवा, म्हणजे काळजी कोणत्या बाजूने करायची ते आम्हाला कळेल. ताईचा चष्मा सापडला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य मी आज, बुधवारी संध्याकाळी, चहा पिऊन लिहितो आहे. सकाळी साडेआठला लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.

तुम्ही पोस्टकार्डावर एकच प्रश्न विचारला आहे: सात दिवसांत नेटवर्कचं प्रमाणपत्र मिळवून देणारा तो कोर्स करण्यासारखा आहे की नाही, एका शब्दात कळव. तुम्ही चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या तारा जोडल्या. तिथे जोड लागतो किंवा लागत नाही. मधलं काही नसतं. त्यामुळे तुम्हाला एक शब्द पुरेसा वाटतो. माझ्याकडे आज दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून थोडं लांबून सांगतो.

आमच्या धुलाई कारखान्यात मी सोळा वर्षं खुणा घालतो आहे, हे तुम्हाला माहीत आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, त्यांच्या कोपऱ्याला कापडी चिठ्ठी टाचायची, चिठ्ठीवर न पुसणाऱ्या शाईने कोणाची, कितवी, कुठली ते लिहायचं. सोळा वर्षांत एकही चादर चुकीच्या घरी गेली नाही (एक गेली होती, पण ते घर तिला ठेवून घ्यायला तयार होतं). मग मालकांनी प्रत्येक विभागात खुणा वाचणारी यंत्रं बसवली. आता चादरीत एक बटण शिवलेलं असतं, ते यंत्रापुढून गेलं की यंत्राला सगळं समजतं. मला समजण्याची गरज उरली नाही. मालकांनी मला बोलावून सरळ सांगितलं की महिनाअखेर खुणा विभाग बंद. मात्र या यंत्रांच्या वायरी बघायला माणूस लागणार. आधीचा माणूस सोडून गेला आहे, कुठली वायर कुठे जाते याचा नकाशा त्याच्या डोक्यात होता आणि डोकं त्याच्याबरोबर गेलं. महिन्याभरात प्रमाणपत्र आणलंत आणि काम जमवून दाखवलंत तर ती जागा तुमची, नाहीतर बाहेरच्या कंपनीला देतो. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. मला दुसरं येतं ते फक्त बारीक अक्षर.

म्हणून कोर्स. एका औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. एका खोलीत आम्ही अकरा जण, दुसऱ्या खोलीत सरांच्या चपला आणि पाणी. सर तरुण, सडपातळ आणि अत्यंत घाईत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की हा विषय दोन वर्षांचा आहे, आपल्याकडे सात दिवस आहेत, तेव्हा कोणी समजून घेत बसू नका. त्यांच्याकडे चारशे प्रश्नांची यादी होती. प्रश्नाचे पहिले चार शब्द ऐकायचे आणि उत्तराचं अक्षर सांगायचं. ते प्रश्न म्हणत, आम्ही सगळे एका सुरात 'क' म्हणत असू. काही दिवसांनी प्रश्नाचीही गरज उरली नाही. सर नुसता आकडा म्हणत, आम्ही अक्षर. खालच्या औषधवाल्याने एकदा वर येऊन विचारलं की तुम्ही लोक नेमकं काय शिकता. माझ्या बाकावर एक रुग्णवाहिका चालवणारे गृहस्थ होते, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की एकशे नव्वदपर्यंत झालं आहे.

वर्गात एक वायर होती. ती काचेच्या पेटीत होती. चौथ्या दिवशी सरांनी ती लांबून दाखवली. मी हात लावू का म्हणून विचारलं तर ते घाबरले. पुढे कळलं की त्यांच्या सगळ्या संस्थेचं इंटरनेट त्या एका वायरीवर चालतं, आणि ती काढली तर परत कशी लावायची हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. (तुम्ही ज्या हातांनी खड्ड्यात उतरून मनगटाएवढ्या जाडीच्या केबलीचे दोनशे धागे अंधारात रंग न बघता जोडत होता, ते हात मला त्या क्षणी फार आठवले. मी लग्नात तुमच्या हातांना हसलो होतो. ते आता परत घेतो.)

परीक्षेत मला शंभरात चौऱ्याऐंशी मिळाले. सरांनी पाठीवर थाप मारली. घरी तुमच्या मेहुणीने... म्हणजे माझ्या बायकोने (तिला तुम्ही मेहुणी म्हणत नाही, पण आनंदाच्या भरात नाती थोडी सरकतात) प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं आणि आरशाशेजारी लावलं. आता रोज दाढी करताना मला माझा चेहरा आणि माझी पात्रता शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही एकमेकांकडे जरा संशयाने बघतात.

मालकांनी प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं आणि काल, मंगळवारी दुपारी, वायरींच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. आणि सांगितलं की उद्या अकरा वाजता मोठ्या दवाखान्याची माणसं पाहणीला येणार आहेत. त्यांच्या सगळ्या चादरींचं काम आपल्याला मिळायचं आहे. त्यांची एकच अट आहे, प्रत्येक चादर यंत्रावर दिसली पाहिजे. यंत्रं चालली तर काम मिळालं. काम मिळालं तर तुमचीही जागा पक्की.

आता माझी चूक सांगतो. मालकांना अजून सांगितलेली नाही. किल्ली मिळाल्यावर मी कपाट उघडलं आणि ते उघडंच ठेवलं. मुद्दाम. घडी विभागातल्या बायका येताजाता बघत होत्या. त्या कपाटापुढे हात मागे बांधून उभं राहायला मला फार बरं वाटत होतं. आतल्या वायरी म्हणजे नुसता गुंता होता, निळा, धुळीने भरलेला, जमिनीपर्यंत लोंबणारा. मी त्याच्याकडे समजल्यासारखा बघत होतो. पाच वाजता हात तसेच मागे बांधून मी घरी गेलो.

आणि मालकांनी जाताना घडी विभागाला बजावलं होतं की उद्या पाहणी आहे, कुठेही काही लोंबताना दिसता कामा नये.

घडी विभाग म्हणजे घडीमावशी. बावीस वर्षं त्या चादरींच्या घड्या घालतात. त्यांच्या हाताखाली एकोणीस बायका आहेत आणि मालकही त्यांच्याशी बोलताना शर्ट आत खोचतात. त्यांच्यापुढे जे गुंतलेलं येतं ते सुटतं, पुसलं जातं, मापाने लागतं आणि डझनात बांधलं जातं. बावीस वर्षांत त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. उघडं कपाट त्यांच्यापुढे आलं. त्यांनी त्याचं जे करायचं ते केलं.

म्हणजे आज सकाळी साडेआठला मी कपाटापुढे उभा होतो आणि मावशी माझ्या मागे. आधी त्या कौतुकाची वाट बघत होत्या. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"काय झालं? एखादी कमी आहे का?" त्या म्हणाल्या. "एकतीस होत्या. मी दोनदा मोजल्या."

मी सांगितलं की कमी नाही, पण त्या लावलेल्या होत्या. मावशींना वाटलं होतं त्या ठेवलेल्या होत्या. यात त्यांचं काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. त्या गुंत्याकडे बघून तो लावलेला आहे असं कोणालाही वाटलं नसतं. त्या खुर्चीवर बसल्या. मावशींना खुर्चीवर बसलेलं मी सोळा वर्षांत प्रथमच पाहिलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुमची जागा गेली का माझ्यामुळे?" त्यांनी स्वतःच्या जागेबद्दल विचारलं नाही. मी म्हणालो, कपाट मी उघडं ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, ते मला काल संध्याकाळीच दिसलं होतं, छाती काढून उभे होतात. मग आम्ही दोघंही थोडं हसलो आणि घड्याळाकडे बघून थांबलो. पावणेनऊ.

कपाटात वरच्या बाजूला एक पट्टी आहे, तिला अठ्ठेचाळीस भोकं. कारखान्यातल्या कानाकोपऱ्यातून आलेल्या तारा भिंतीतून येऊन तिच्या पाठीला पक्क्या जोडलेल्या आहेत. खाली यंत्र, त्यालाही अठ्ठेचाळीस भोकं. वायरी वरून खाली लावायच्या. भोकांना आकडे आहेत, पण कुठला आकडा म्हणजे इस्त्रीचं यंत्र आणि कुठला म्हणजे सुकवण्याचा विभाग, हे कुठेही लिहिलेलं नाही. मी आधी वायरी पूर्वी जशा होत्या तशा लावायचा विचार करत होतो, म्हणजे पूर्वी कशा होत्या ते आठवायचा. पंधरा मिनिटं गेली. आणि मग, भावजी, माझ्या तोंडून आपोआप एक अक्षर निघालं. 'ब.'

मावशी म्हणाल्या, काय ब? मी म्हणालो, दोनशे बारा. प्रश्न क्रमांक दोनशे बारा, साध्या यंत्रावर वायर कुठल्या भोकात लावावी. उत्तर ब, कुठल्याही. सात दिवस मी ते सुरात म्हटलं होतं आणि त्याचा अर्थ मला त्या क्षणापर्यंत लागला नव्हता. खाली कुठेही लावा! जुना क्रम परत मिळवायची गरजच नव्हती. एवढंच कळायला हवं होतं की वरचं कुठलं भोक जिवंत आहे आणि ते कुठे जातं. (सरांना पत्र लिहून कळवणार आहे. एका विद्यार्थ्याला एक उत्तर समजलं, हे त्यांना नवीन असेल.)

पण ते कळणार कसं? खुणा वाचणारी यंत्रं अठ्ठावीस ठिकाणी. लांबच लांब दालन, त्याच्या पलीकडे सुकवण्याचा विभाग, वर गच्चीत एक. प्रत्येक यंत्राच्या पाठीला एक हिरवा दिवा आहे, वायर लागली की तो लागतो. मी एक वायर लावायची, अठ्ठावीस ठिकाणी धावत जाऊन दिवा बघायचा, परत यायचं. मी हिशेब केला तर दवाखान्याची माणसं त्यांच्या नातवंडांसह आली असती.

हे मी मावशींना समजावलं. त्या उठल्या. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही कपाट सोडू नका." आणि दालनात जाऊन दोनदा टाळी वाजवली.

पाच मिनिटांत एकेका यंत्राशी एकेक बाई उभी होती, प्रत्येकीच्या हातात पांढरा टॉवेल. घडीच्या एकोणीस कमी पडल्या म्हणून इस्त्रीच्या घेतल्या, आणि मागच्या दाराशी गाडी चालवणाऱ्या काकांना उभं केलं. जिथून दालन दिसत नाही तिथून निरोप पोचवायला दारादारात एकेक जादा. माझ्या जागेवरून सगळं दालन दिसत होतं. मी पहिल्या भोकात वायर लावली. काही नाही. दुसऱ्यात. काही नाही. तिसऱ्यात लावली आणि दालनाच्या पार टोकाला एक टॉवेल वर गेला.

भावजी, मी तुम्हाला कसं सांगू. तो टॉवेल वर गेला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नेटवर्क म्हणजे काय. यादीत त्याची व्याख्या आहे (प्रश्न एक, उत्तर ड). ती तशी नाही. इकडे तुम्ही काहीतरी करता आणि तिकडे लांब कोणीतरी टॉवेल वर करतं, एवढंच ते आहे. तुम्ही खड्ड्यातून बाहेर येऊन हसायचात ते यालाच, नाही का? मी तेव्हा विचारलं होतं, एवढं काय झालं, आणि तुम्ही म्हणाला होता, पलीकडचा बोलला.

मग काम सुरू झालं. मी वायर लावायची, मावशींनी टॉवेल बघून ठिकाण ओरडायचं, आणि मी खिशातून कापडी चिठ्ठी काढून तिच्यावर लिहायचं. होय, चादरींच्याच चिठ्ठ्या. माझ्याकडे महिनाअखेरपर्यंतच्या शिल्लक आहेत. 'इस्त्री, दुसरं.' 'सुकवण, खिडकीजवळ.' 'घडी, मावशींचं.' न पुसणारी शाई. सुती दोरा, आमची नेहमीची गाठ, जी उकळत्या पाण्यातही सुटत नाही. विसाव्या भोकापर्यंत बायकांना मजा वाटायला लागली होती. कोणाचा टॉवेल वर गेला की बाकीच्या टाळ्या वाजवत. जिचा जात नव्हता ती रुसत होती. गाडीवाल्या काकांचा दिवा सर्वांत शेवटी लागला. तोपर्यंत त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला होता आणि डुलकी घेत होते. त्यांच्या शेजारच्या बाईने त्यांचा हात धरून वर केला.

दहा वाजून पाच मिनिटांनी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस यंत्रं चालू होती.

अकराला पाहणी झाली. दवाखान्याच्या मुख्य परिचारिका आल्या होत्या, शांत आणि कडक, हाताला लागेल ते उघडून बघणाऱ्या. त्यांनी चादरी यंत्रापुढून नेऊन पाहिल्या. मग त्यांनी वायरींचं कपाट उघडलं. आत वायरी सरळ, सारख्या, पुसलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. त्यांनी दोनतीन चिठ्ठ्या उलटून वाचल्या. म्हणाल्या, आमच्या दवाखान्यात हेच कपाट उघडायला माणूस घाबरतो. हे कोणी केलं? मालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आमच्याकडे असंच असतं."

मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

तर तुमचा प्रश्न. कोर्स करण्यासारखा आहे का? त्याने मला कपाटाची किल्ली दिली, कारण प्रमाणपत्राशिवाय मालकांनी ती दिली नसती. आणि दोनशे बारावं उत्तर दिलं. चारशेपैकी एक, पण ते आज हवं होतं. बाकी जे लागलं ते चिठ्ठ्या, दोरा, टॉवेल आणि मावशी. ते त्या दोन खोल्यांत शिकवत नाहीत. ज्याच्याकडे हात नाहीत त्याला तो कोर्स किल्ली देतो आणि उघड्या कपाटापुढे उभा करून निघून जातो. ज्याच्याकडे हात आहेत त्याला फक्त किल्लीच कमी असते. माझ्यापुरतं उत्तर होय आहे. तुमच्यासाठी काय, ते खाली.

ताईला आणि तिच्या चष्म्याला नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा एकुलता एक आणि आजपुरता यशस्वी
मेहुणा

ता. क. एक. ताईचा मागच्या आठवड्यातच फोन आला होता. तुम्ही त्या कोर्सबद्दल विचाराल, तर निव्वळ फालतू आहे असं लिही, अशी तिची ताकीद होती. तुमच्या खणात तिला कोर्सचा अर्ज सापडला आहे. नाव पेन्सिलीने लिहिलं आहे म्हणाली. एकसष्टाव्या वर्षी हे काय, असं ती फोनवर रागाने म्हणत होती. मग म्हणाली, निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारतच नाही रे. म्हणून मी पहिल्यांदा 'नाही' असं एका शब्दात पत्र लिहिलं होतं. ते फाडून हे लिहिलं.

ता. क. दोन. वायरी एकतीस होत्या. यंत्रं अठ्ठावीस. सगळं उत्तम चालू आहे आणि तीन वायरी उरल्या आहेत. मावशींनी पुन्हा मोजल्या. उरलेल्या वीस भोकांपैकी तीन कुठेतरी जातात, पण तिथे टॉवेल घेऊन कोणी उभं नव्हतं. मी तिन्ही वायरी पँटच्या खिशात घालून घरी आलो आहे. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

ता. क. तीन. पत्र खरं यासाठी आहे. तुमच्याकडे खात्याचा तो पिवळा डबा आहे, जो तारेच्या एका टोकाला लावला की दुसऱ्या टोकाला, भिंतीतूनसुद्धा, टुंई असा आवाज येतो. तो घेऊन शुक्रवारच्या पहिल्या गाडीने या. मी मालकांना सांगून बसलो आहे की शुक्रवारी बाहेरचे तज्ज्ञ येऊन तपासणी करणार आहेत. ते तज्ज्ञ तुम्ही. खात्याचा खाकी कोट घाला. कोणी काही विचारलं तर मला विचारता तसं एका शब्दात उत्तर द्या, फार छाप पडते. ताईला सांगा की कोर्स किती वाईट आहे ते मेहुणा समोर बसवून समजावणार आहे. एवढं खोटं तिला चालेल.

गुरुवार सकाळ. पत्र बंद करणार होतो, तेवढ्यात मालकांचा निरोप आला, म्हणून कारखान्यातूनच शेवट लिहितो आणि पत्र गाडीवाल्या काकांच्या हाती पाठवतो, आज संध्याकाळपर्यंत मिळेल. दवाखान्याचं काम मिळालं. मला कायम केल्याचं पत्र मिळालं. विभागाचं नाव 'नेटवर्क व खुणा' असं आहे, म्हणजे खुणाही राहिल्या. मग मालक म्हणाले की कालपासून त्यांच्या संगणकावर कोणाचाही काहीही निरोप आलेला नाही, फक्त पत्त्यांचा डाव चालतो आहे. मी खिशातून तीन वायरी काढून टेबलावर ठेवल्या आणि खरं काय ते सांगितलं, टॉवेलांसकट. त्यांनी वायरींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचे तज्ज्ञ येईपर्यंत राहू द्या. बरं चाललंय."

बाहेर मावशी उभ्या होत्या. कपाटाची दुसरी किल्ली त्यांना हवी आहे, पण मालक प्रमाणपत्राशिवाय देणार नाहीत. तेव्हा येताना खणातला तो पेन्सिलीने भरलेला अर्ज त्यांच्यासाठी घेऊन या. खोडरबर माझ्याकडे आहे.